शंभर एमबीत बसणारा आवाज

माणसाला काही फेकवत नाही, हे त्याचं दुःख आहे. आणि ठेवायला जागा पुरत नाही, हे त्याच्यासोबत राहणाऱ्यांचं. या दोन दुःखांच्या मध्ये जी भिंत उभी करावी लागते तिला मर्यादा म्हणतात. मर्यादा पाळणाऱ्याला चारचौघांत मान असतो. मर्यादा ठरवणाऱ्याला स्वतंत्र केबिन असते. (मला अर्धी मिळाली, कारण मी समितीचा नुसता सचिव होतो. उरलेल्या अर्ध्यात झेरॉक्स मशीन होतं.)

आमची कंपनी लिफ्टसाठी बोलक्या पेट्या बनवते. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, दार लागतं, आणि छतातून एका बाईचा आवाज म्हणतो, 'वर जात आहे.' ही माहिती तुम्हाला असतेच, कारण बटण तुम्हीच दाबलेलं असतं. पण कुणीतरी सांगितलं म्हणजे बरं वाटतं. त्या पेटीतला प्रोग्राम, त्याच्या जुन्या आवृत्त्या, नव्या आवृत्त्या, चुकलेल्या आणि चुकून बरोबर आलेल्या आवृत्त्या, हे सगळं एका जागी ठेवलेलं असतं. संगणकवाले तिला रेपो म्हणतात. आम्ही कोठी म्हणतो.

कोठीचा स्वभाव एकदा समजून घेतला पाहिजे. तिच्यात एकदा आलेली वस्तू कधीच बाहेर जात नाही. तुम्ही ती पुसलीत, तर 'अमक्याने अमक्या दिवशी पुसली' अशी नोंद कोठी करते आणि वस्तू आत जपून ठेवते. न जाणो, उद्या कुणी मागितली तर. (माझी आत्या भांडणांच्या बाबतीत अशीच आहे.) प्रोग्राम म्हणजे शेवटी अक्षरं, त्यांना जागा लागून लागून किती लागणार. पण फोटो, आवाज आणि व्हिडिओ ही मंडळी पाय पसरून बसतात.

आमच्याकडे ते साहेबांच्या पोहण्यावरून लक्षात आलं. साहेब पन्नाशीत पोहायला शिकले आणि त्याचा व्हिडिओ त्यांनी कौतुकाने सगळ्यांना पाठवला. डिझाइन विभागातल्या कुणाकडून तो चुकून कोठीत पडला. आकार तीन जीबी. चार मिनिटांत पुसला गेला; मग खात्री करण्यासाठी आणखी दहा जणांनी पुसला. त्यामुळे कोठीत साहेब पोहताना एकदा आणि न पोहताना अकरा वेळा, असे कायमचे नोंदले गेले. नव्या माणसाचा संगणक पहिल्यांदा कोठीला जोडला की सगळा इतिहास उतरवून घ्यावा लागतो. परिणामी सोमवारी रुजू झालेला माणूस बुधवारी कामाला लागायचा, आणि मधल्या मंगळवारी आपले साहेब पाण्यात कसे दिसतात हे त्याला कळायचं.

कोठी सांभाळणारे गृहस्थ, म्हणजे आमचे कोठीवाले, हे साधे, किडकिडीत आणि न्यायी. त्यांनी साहेबांपुढे जाऊन सांगितलं की प्रश्न जागेचा नाही, सवयीचा आहे. आज एक पोहतो, उद्या सगळे उड्या मारतील. साहेबांना हे पटलं, आणि 'फाइल-आकार मर्यादा समिती' स्थापन झाली. अध्यक्ष साहेब, तज्ज्ञ कोठीवाले, सचिव मी.

पहिल्या बैठकीत मोठी फाइल म्हणजे काय याची व्याख्या झाली. 'जी उतरेपर्यंत चहा पिऊन होतो ती' ही व्याख्या मला आवडली होती, पण काही लोक चहा फुंकून पितात असा मुद्दा निघाला. दुसऱ्या बैठकीत आकडा ठरला. कोठीवाल्यांचं म्हणणं पन्नास एमबी, डिझाइनवाल्यांचं पाचशे. साहेबांनी शंभर सुचवले. का, असं कुणी विचारलं नाही. शंभर हा आकडाच असा आहे की त्याला कारण विचारणं वाईट दिसतं. तिसरी बैठक सवलतीची. खरोखर गरज असेल त्याने अर्ज करावा, साहेबांची सही घ्यावी आणि सही केलेल्या अर्जाची स्कॅन केलेली प्रत कोठीत ठेवावी. आमचं स्कॅनचं मशीन जुनं, पण प्रामाणिक आहे. कागदाचा सुरकुतीसकट तपशील टिपतं. एका अर्जाची प्रत एकशे अठरा एमबी भरली. सबब अर्जालाही सवलतीचा अर्ज लागू झाला. पुढच्या दोन वर्षांत सवलत द्यायची वेळ एकदाही आली नाही, यावरून मर्यादा किती अचूक ठरली होती ते ध्यानात यावं.

आकडेच बघा. मर्यादेआधी नव्व्याण्णव ते शंभर एमबी या वजनाच्या फायली कोठीत होत्या दोन. एका महिन्यात झाल्या सहाशे चाळीस. पूर्वी अख्खं असलेलं सगळं आता भाग-१, भाग-२, भाग-२-अ असं शिस्तीत आलं. लिफ्ट बसवण्याच्या माहितीचा व्हिडिओ तीन भागांत वाटला गेला. त्यातला पहिला भाग 'आता लाल वायर हातात घ्या' इथे संपत होता आणि दुसरा 'मात्र त्याआधी वीज बंद करा' इथून सुरू होत होता. (आमच्या माणसांना अनुभव होता. झटका एकालाच बसला, तोही सौम्य.)

ज्या फायलींचे तुकडे करता येत नव्हते त्यांच्यासाठी कोठीवाल्यांनी चिठ्ठीची पद्धत आणली. ही पद्धत खरंच हुशारीची आहे आणि जगात सगळीकडे चालते. मोठी फाइल बाहेर, गोदाम नावाच्या दुसऱ्या मशीनवर ठेवायची आणि कोठीत फक्त तिची चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीत तीन ओळी. पहिलीत पद्धतीचं नाव, दुसरीत फाइलचा ठसा, तिसरीत आकार. वजन नगण्य. कोठी हलकी झाली. नवी माणसं सोमवारी येऊन सोमवारीच कामाला लागू लागली.

गोदामात गेलेल्या फायलींत एक फाइल ताईंची होती.

ताई म्हणजे आमच्या स्वागताच्या टेबलावरच्या बाई. नऊ वर्षांपूर्वी पेटीला आवाज हवा होता, बाहेरच्या कलाकारांचे नमुने ऐकून साहेब कंटाळले होते, आणि तेवढ्यात ताईंनी दारातून सांगितलं की पाणी गेलंय, दुपारपर्यंत येईल. साहेब म्हणाले, हाच आवाज. पाणी गेल्याचं ऐकूनसुद्धा त्यांना बरं वाटलं होतं.

ध्वनिमुद्रण आमच्या मिस्त्रींनी केलं. कंपनीत आवाजाचं सगळं काम तेच बघतात म्हणून त्यांना मिस्त्री म्हणतात. सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यांनी ताईंना बसवलं. ताईंची मुलगी तेव्हा चार वर्षांची. शाळा बंद होती म्हणून तीही आली आणि एका खोक्यावर बसली. मुद्रण चाललं एक तास अठरा मिनिटं. ताईंनी तळमजल्यापासून चाळिसाव्या मजल्यापर्यंत सगळे मजले वाचले, दार बंद होत आहे, दार उघडत आहे, वजन जास्त झालं आहे, हे सगळं वाचलं. मधेमधे त्या अडखळल्या, 'थांबा हं, परत घेते' म्हणाल्या, खोकल्या, गुणगुणल्या. मुलीने विचारलं, लिफ्टमध्ये कोण राहतं? ताई म्हणाल्या, मी राहते, पण सहा वाजता घरी येते. मिस्त्रींनी त्यातून कामापुरते दोनशे चौदा तुकडे कापले. एकेक तुकडा इवलासा, मर्यादेला त्यांच्याशी कर्तव्यच नव्हतं. ते कोठीतच राहिले. मूळ फाइल चारशे तेरा एमबीची. ती गोदामात गेली आणि तिची चिठ्ठी झाली.

दोन वर्षांनी गोदामही भरत आलं, तेव्हा समितीने त्याची तपासणी केली. अहवाल मीच लिहिला. गोदामात तीनशे सत्त्याऐंशी फायली आढळल्या, आणि त्यांपैकी तीनशे सत्त्याऐंशी फायली मर्यादेपेक्षा मोठ्या निघाल्या. उल्लंघनाचं प्रमाण शंभर टक्के. साहेब हादरले. कोठीवाले म्हणाले की गोदाम त्यासाठीच आहे. त्यावर साहेबांनी विचारलं की म्हणजे नियम तोडायला आपणच जागा करून दिली का? प्रश्न बिनतोड होता. वर्षभरात ज्या फायली कुणी उघडल्या नाहीत त्या काढाव्यात, असं ठरलं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'एकमताने.'

पद्धत मात्र सोडली नाही. पंधरा दिवसांची नोटीस काढली. ज्याला जी फाइल हवी असेल त्याने ती ईमेलला जोडून समितीकडे पाठवावी. (ईमेलची मर्यादा वीस एमबी होती, पण ती आमची नव्हती.) मिस्त्री तेव्हा वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्यांचं उत्तर आलं नाही. नोटिशीच्या कलम चारनुसार न आलेलं उत्तर होकारार्थी असतं. वर्षभरात उघडलेली एकही फाइल निघाली नाही; गोदाम रिकामं झालं. चिठ्ठ्या सगळ्या राहिल्या, कारण चिठ्ठ्या कोठीत होत्या आणि कोठीतून काही जात नाही.

त्यानंतर सातआठ महिन्यांनी ताईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ गेली, ताई वाचल्या. स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आधीच सगळं समजावून सांगितलं होतं. पण रुग्णालयात नंबर लागला तो ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी, अचानक, आणि त्या धावपळीत घरी काही रेकॉर्ड करून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. यजमानांना वाटलं, ऑफिसात आहेच की तासाभराचं.

ताई एका दुपारी ऑफिसात आल्या. गळ्याला रुमाल, हातात वही. सगळ्यांनी मोठ्याने विचारपूस केली. ताईंना ऐकू येत नसल्यासारखी. ताईंनी हसून मान डोलावली आणि मिस्त्रींच्या टेबलाशी जाऊन वहीत लिहिलं, 'ती मोठी फाइल द्याल का? ज्यात मी चुकते ती.'

मिस्त्री म्हणाले, आत्ता देतो, आणि संगणकाकडे वळले. बराच वेळ ते वळलेलेच राहिले. मग त्यांनी कोठीवाल्यांना हाक मारली, कोठीवाल्यांनी मला बोलावलं. चिठ्ठी अगदी सुस्थितीत होती. तिच्या सतरा आवृत्त्या होत्या, कोणी कधी कोणत्या फोल्डरमधून कोणत्या फोल्डरमध्ये हलवली ते मिनिटासकट लिहिलेलं. मी ती कंपनीच्या कागदावर छापली, शिक्का मारला आणि ताईंना दिली. पोच घेतली नाही. इतकं मला समजत होतं.

ताईंनी तीन ओळी दोनदा वाचल्या. वहीत लिहिलं, 'यात मी कुठे आहे?'

कोठीवाल्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. चौसष्ट आकडे-अक्षरांची ओळ होती. "हा तुमच्या फाइलचा ठसा. दुसऱ्या कुठल्या फाइलचा असा निघणार नाही, ताई."

'यावरून आवाज परत काढता येतो?'

"नाही," कोठीवाले म्हणाले. "आवाज कुठे सापडला, तर तो तोच आहे का, हे मात्र अगदी खात्रीने सांगता येतं."

ताईंनी त्यावर 'छान' असं लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख आहे.

पुढचे दोन आठवडे मिस्त्रींनी शोधण्यात घालवले. घरातले पेन ड्राइव्ह, कपाटातल्या जुन्या डिस्क, भाच्याला देऊन टाकलेला लॅपटॉप, सगळं उलथंपालथं केलं. भाच्याने लॅपटॉप दिला, पण आतलं सगळं पुसून टाकलं होतं. जागा हवी होती म्हणाला. शेवटी मिस्त्री ते दोनशे चौदा तुकडे घेऊन ताईंच्या घरी गेले. देताना मान वर केली नाही, असं ताईंच्या यजमानांनी मला नंतर सांगितलं.

मुलगी आता तेरा वर्षांची. तिने ते सगळे तुकडे आईच्या फोनवर बटणांसारखे मांडून दिले. पहिला आठवडा ताईंनी फोनला हात लावला नाही. मग एका सकाळी यजमान फ्रिज उघडा ठेवून आत बघत उभे होते, आणि मागून स्वच्छ, गोड आवाजात ऐकू आलं, 'दार बंद होत आहे.' यजमान तिथेच खाली बसले. हसावं की काय करावं ते त्यांना कळेना, दोन्ही झालं.

आता त्या घराचा कारभार त्यावर चालतो. यजमान तिसऱ्यांदा वाढून घेऊ लागले की, 'वजन जास्त झाले आहे, कृपया एकाने बाहेर यावे.' नणंद फोनवर लांबण लावू लागली की, 'दारात उभे राहू नये.' मुलगी गणितापाशी रडकुंडीला आली की ताई तिच्याशेजारी बसतात आणि ते बटण दाबतात जे लिफ्ट मधेच अडकल्यावर वाजायचं आहे, 'घाबरू नका, मदत येत आहे.' मुलीला हाक मारायला मात्र काही नाही. लिफ्टच्या सूचनांत कुणाचं नाव नसतं. त्यासाठी त्यांनी 'सातवा मजला' निवडलंय. मुद्रणात त्या मजल्याला मुलगी खोक्यावरून जोरात शिंकली होती आणि ताईंच्या आवाजात हसू अडकलं. मिस्त्रींना ते कापता आलं नव्हतं. आमच्या पेट्या बसवलेल्या प्रत्येक इमारतीत नऊ वर्षं सातव्या मजल्यावरची माणसं त्या हसण्यात उतरतात. तक्रार एकही नाही.

ही हकीकत साहेबांच्या कानावर गेली तेव्हा साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी समितीची पाचवी बैठक बोलावली. भावनिक स्वरूपाच्या फायलींसाठी मर्यादेत दहा टक्के सवलत देण्याचा ठराव साहेबांनी मांडला. म्हणजे एकशे दहा एमबी. फाइल भावनिक आहे याबद्दल विभागप्रमुखाचा दाखला जोडायचा.

बैठकीनंतर कोठीवाले माझ्या अर्ध्या केबिनमध्ये आले आणि झेरॉक्स मशीनला टेकून उभे राहिले.

"मी सवयीबद्दल बोललो होतो," ते म्हणाले. "ताईंबद्दल नाही."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"मग गोदामाच्या बैठकीतलं ते 'एकमताने' खोडा."

मी त्यांच्यासमोरच इतिवृत्त उघडलं, 'एकमताने' पुसून 'दोन विरुद्ध एक' असं केलं आणि फाइल परत ठेवली. इतिवृत्तंही कोठीतच असतात. तेव्हा आधी काय लिहिलं होतं, नंतर काय लिहिलं, कुणी लिहिलं आणि किती उशिरा, हे सगळं आता तिथे कायमचं आहे. पुसायची सोय नाही. कोठीवाले 'बरं' म्हणाले आणि गेले. मशीन मात्र बराच वेळ गरम होतं.

आता तुम्हाला आमच्या समितीचा राग आला असेल, किंवा हसू. दोन्ही रास्त आहे. पण एक लक्षात घ्या, आम्हाला चार बैठका लागल्या, दोन वर्षं लागली, पंधरा दिवसांची नोटीस काढावी लागली. मागच्या महिन्यात तुमच्या फोनवर 'जागा संपली' असं आलं तेव्हा फोननेच यादी करून दिली, सगळ्यात मोठी फाइल सगळ्यात वर. वर होता एकोणीस मिनिटांचा व्हिडिओ. त्यात तुमचे वडील टीव्हीचा रिमोट उलटा धरून, हे कसं लावायचं, असं चारदा विचारत होते आणि तुम्ही मागून 'सांगतो नंतर' म्हणत होता. त्याखाली, यादीच्या पार तळाशी, लोकांनी रोज सकाळी पाठवलेली 'शुभ सकाळ'ची चारशे गुलाबं होती. एकेक अगदी छोटं, जागेला न लागणारं. तुम्ही सिग्नलला उभे होता. हिरवा व्हायच्या आत काम झालं.

गुलाबं सगळी शाबूत आहेत.